जरा धरा हो निनूला

"आधी तू चढ आणि रुमाल टाक," आई म्हणाली.

विट्याच्या एसटी स्टँडवर ही सूचना अगदी बरोबर ठरली असती. पण आम्ही जर्मनीत होतो, लाइपझिग नावाच्या शहरात, रविवारी सकाळी, प्राणिसंग्रहालयाला जायला म्हणून ट्रामच्या थांब्यावर. समोरच्या ट्राममध्ये जेमतेम पाच-सहा माणसं आणि एक कुत्रा होता. जागा पकडायची काहीही गरज नव्हती. पण मी नऊ वर्षांची होते आणि सांगितलेलं सगळं ऐकायचे. (ही सवय पुढं सुटली. आमची अख्खी शाळा साक्षीला आहे.) मी चढले, दाराजवळच्या रिकाम्या बाकावर रुमाल अंथरला आणि त्याच्या शेजारी राखणीला बसले.

खाली आई-बाबांचं बाबागाडीशी चाललं होतं. ट्राम जुन्या पद्धतीची, चढायला उंच पायऱ्या. बाबागाडीची घडी केल्याशिवाय ती आत येणार नव्हती, आणि घडी व्हायची तिची इच्छा दिसत नव्हती.

"अहो, ते लाल बटण दाबा."

"दाबलंय."

"मग पायानं दाबा."

"पायानं काय दाबा? यंत्र आहे ते. त्याची एक पद्धत असते."

बाबा कुपवाडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. एक नवं मशीन शिकायला कारखान्यानं त्यांना तीन आठवडे तिथं पाठवलं होतं आणि शाळेला सुट्टी होती म्हणून आम्हीही गेलो होतो: आई, मी आणि निनू. निनू म्हणजे माझा भाऊ निनाद. तेव्हा त्याला अजून वर्षही पूर्ण झालं नव्हतं. दात वर दोन, खाली दोन. दिसेल ते ओढायचं आणि तोंडात घालायचं, एवढंच त्याचं काम.

तर निनू आईच्या कडेवर होता. आईनं एक पाय पायरीवर ठेवला, मागं वळून बाबांकडं पाहिलं, मग आत पाहिलं. दाराला लागून एक म्हातारी बाई बसली होती. पांढरे आखूड केस, जांभळा कोट, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ.

"जरा धरा हो," आई तिला म्हणाली. मराठीत. आणि निनूला तिच्या मांडीवर ठेवून बाबागाडी बघायला खाली उतरली.

हे वाचून ज्यांच्या छातीत धस्स झालं असेल, ते कधी विटा-कऱ्हाड गाडीनं गेलेले नसणार. आई विट्याजवळच्या खेड्यातली. तिकडं गाडीला गर्दी असली की मूल आधी आत जातं, कधी दारातून, कधी खिडकीतून, आणि ज्या बाईला जागा मिळालीय तिच्या मांडीवर बसतं. मूल कुणाचं, हे तिथं कुणी विचारत नाही. मी स्वतः कितीतरी अनोळखी मांड्यांवर बसून आजोळी गेलेय. एकदा एका बाईनं मला उतरताना केळंही दिलं होतं.

जांभळ्या कोटवाल्या बाईचे हात आपोआप पुढं आले आणि निनू त्यात बसला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तिच्या माळेकडं पाहिलं.

खाली आईनं बाबागाडीला सणसणीत लाथ घातली आणि गाडी खटकन मिटली.

"बघा," आई म्हणाली.

आणि दार बंद झालं.

ट्राम हलली तेव्हा बाबा काचेवर हात मारत बाजूनं धावत होते. त्यांचा तळहात काचेवर पांढराफटक दिसत होता. ते ओरडत होते आणि आवाज आत येत नव्हता, पण शब्द मला ओठांवरून कळले. ते मला पाठ होते.

"हलू नको. केतू, हलू नको."

इथं बाबांच्या नियमांबद्दल सांगायला हवं. परदेशात लहान मुलं घेऊन जायचं, तर तयारी हवी, असं बाबांचं म्हणणं होतं, आणि तयारी म्हणजे नियम. नियम पहिला: अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. नियम दुसरा: चुकलात तर जिथं आहात तिथून हलायचं नाही, आम्ही येतो. नियम तिसरा: गळ्यातलं कार्ड काढायचं नाही. कार्डावर माझं नाव, तिथला पत्ता, रक्तगट आणि बाबांचा नंबर होता. निनूच्याही गळ्यात एक होतं. त्यानं ते आल्या दिवशीच चघळून मऊ केलं होतं.

दुसऱ्या नियमाची तर निघण्याआधी सांगलीच्या स्टँडवर रंगीत तालीम झाली होती. बाबा मला फलाटावर उभी करून उसाच्या गुऱ्हाळामागं लपले होते. मी हलले नाही. एका कंडक्टरनं विचारलं, बाळ कुणाबरोबर आहेस. पहिला नियम आठवून मी बोललेही नाही. मग त्यानं कंट्रोलरला बोलावलं, कंट्रोलरनं माइकवरून पुकारा केला, आणि बाबा हातात रसाचा ग्लास घेऊन पळत आले. त्यांना फार आनंद झाला होता. "पास," ते म्हणाले.

"पोरीला उन्हात उभं केलं आणि स्वतः रस पीत होता," आई म्हणाली.

तेव्हा, मी पास झालेली मुलगी होते. ट्राममधला खांब मी दोन्ही हातांनी धरला.

म्हातारी बाई माझ्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलली. प्रश्न होता, एवढं कळलं. मी तोंड घट्ट मिटलं. तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड हलकेच उचलून वाचलं, पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत बाबांचा फोन वाजू लागला.

बाबागाडीसाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनीच तो माझ्याकडच्या पिशवीत टाकला होता. निनूची दुपटी, राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा, पाण्याची बाटली आणि त्यांत बाबांचा फोन. आईच्या फोनमध्ये तिथलं सिम नव्हतं. बाईनं पिशवीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि फोन बंद केला. पिशवी गप्प झाली. निनूला ते आवडलं, तो हसला.

पुढचा थांबा आला. बाई निनूला घेऊन उठली, मला हात केला आणि दाराकडं बोट दाखवलं. उतरू आणि इथं थांबू, असं ती सांगत होती. शहाणपणाची गोष्ट होती. कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण मी तर नियम पाळत होते. जिथं आहात तिथून हलायचं नाही. मी ट्राममध्ये होते. म्हणजे मी ट्राममध्येच राहायला हवं होतं.

तिनं माझा दंड धरला. मी खाली बसकण मारली आणि खांबाला पायांचीही मिठी घातली.

बाई दारात थांबली. निनू तिच्या हातात आणि तिचा एक पाय पायरीवर. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती उतरली असती तर मी नियमाप्रमाणे ट्राममध्ये आणि निनू तिच्याबरोबर खाली. बाबांनी मला हलू नको म्हटलं होतं, निनूला सोडू नको असं कुणी म्हटलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मी एक हात सोडला आणि तिच्या कोटाचं टोक मुठीत धरलं. एका हातात खांब, एका हातात कोट. तिनं माझ्या मुठीकडं पाहिलं. मग ती मागं आली आणि पुन्हा बसली. दार मिटलं.

एव्हाना सगळी ट्राम आमच्याकडं बघत होती. कुत्र्याचे मालक, दाढीवाले एक काका, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि इंग्रजीत सावकाश म्हणाले, "आई येईल. पुढच्या थांब्यावर आपण सगळे उतरून तिची वाट बघू. ठीक आहे?"

इथं आणखी एक सांगायला हवं. त्या काळी मी वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही इतकं हळू म्हणायचे की वर्षातले निम्मे दिवस बाईंनी माझी गैरहजेरी लावली होती. आणि आता एका दाढीवाल्या जर्मन माणसाशी इंग्रजीत बोलायचं होतं, तेही पहिला नियम मोडून. पण न बोलता त्याला नियम सांगणार कसा? अनोळखी माणसाशी बोलत नाही, हे सांगायलाही अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं.

"माय फादर सेड, डोन्ट मूव्ह," मी म्हणाले.

एवढ्या मोठ्यानं की कुत्रा उठून उभा राहिला.

काकांनी ते जर्मनमध्ये सगळ्यांना सांगितलं. मग ट्राममध्ये चर्चा झाली. एक बाई एक म्हणाली, दुसरा माणूस दुसरं म्हणाला. काका पुढं जाऊन ड्रायव्हरशी बोलले. पुढच्या थांब्यावर ड्रायव्हर स्वतः मागं आला, माझी खांबाची मिठी त्यानं बघितली, आणि गाडीतल्या फोनवरून कुणाला तरी बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"ऐक," काका मला म्हणाले. "शेवटचा थांबा जवळ आहे. तिथं ही गाडी वळते आणि परत तुझ्याच थांब्यावर जाते. तू हलू नकोस. गाडी तुला परत नेईल. पोलिसांनाही कळवलंय."

"ओके," मी म्हणाले. अनोळखी माणसाशी माझं दुसरं वाक्य.

म्हाताऱ्या बाईनं मान डोलावली. नियम आहे म्हटल्यावर तिचा प्रश्न मिटला होता. ती सरळ बसली आणि निनूला नीट मांडीवर घेतलं. त्यानं आता माळेचे मणी तोंडात घातले होते. मला आईची आठवण झाली आणि निनूला भुकेची, तो रडायला लागला. मी पिशवीतून डबा काढून राजगिऱ्याचा लाडू कुस्करला आणि चिमटीनं त्याला भरवला. बाईनं एक कण उचलून आधी वास घेतला, मग चाखला. मग दुसरा घेतला. काकांनी घेतला. कुत्र्याला मी दिला. माझ्या रुमालावर, म्हणजे आईबाबांसाठी पकडलेल्या जागेवर, सगळ्यांनी सांडलं.

तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "गिझेला."

"केतकी," मी म्हणाले. तिसरं वाक्य.

शेवटच्या थांब्यावर गाडीनं गोल वळसा घातला आणि जिथून आलो होतो तिकडं निघाली. खिडकीतून मी तेच रस्ते उलटे पाहिले. मधल्या कुठल्याच थांब्यावर आई नव्हती, बाबा नव्हते. आमचा थांबा आला तेव्हा आधी मला मिटलेली बाबागाडी दिसली. तिच्याशेजारी बाकावर आई बसली होती, अगदी ताठ, मांडीवर जेवणाची पिशवी.

मी खांब सोडला.

"आई, तू इथंच?"

"मग कुठं जाणार?" आई म्हणाली. "गेलेली गाडी परत येतेच की." तिचा आवाज नेहमीसारखा होता. पण निनूला घेण्यासाठी तिनं हात पुढं केले तेव्हा मला तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ दिसली. देवाला काहीतरी बोलली होती ती. काय बोलली, ते मला अजून सांगितलेलं नाही.

तिनं निनूला छातीशी धरलं. मग गिझेलाआजींकडं वळून म्हणाली, "लई उपकार झाले बघा. बसा की जरा." बाकावरची पिशवी बाजूला सरकवून तिनं जागा केली. आजी बसल्या. एकीला मराठीशिवाय फारसं काही येत नव्हतं, दुसरीला जर्मनशिवाय काहीच नाही, आणि दोघी बोलत होत्या.

मग आईनं मला विचारलं, "तुझे बाबा कुठायत?"

"तुझ्याबरोबर नाहीत?"

"ते तुमच्यामागं पळाले."

आम्ही रुळांच्या दिशेनं पाहिलं. रूळ सरळ होते आणि रिकामे होते.

बाबांजवळ फोन नव्हता. गळ्यात कार्ड नव्हतं, कारण कार्डं मुलांसाठी होती. पत्ता फोनमध्ये होता. आणि दुसरा नियम बाबांना लागू आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं, बाबांना तर नाहीच.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"हलायचं नाही," आई म्हणाली, आणि तिनं डबा उघडला.

प्राणिसंग्रहालयात खायच्या दशम्या आम्ही ट्रामच्या थांब्यावर खाल्ल्या. गिझेलाआजींना आईनं लसणाची चटणी लावून दिली. त्यांना जोराचा ठसका लागला, आईनं पाठीवर थोपटलं, पाणी दिलं, आणि त्यांनी आणखी एक मागून घेतली. ट्रामा येत होत्या, जात होत्या. निनू आजींच्या मांडीवर झोपून गेला होता, माळ मुठीत धरून.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

मागच्या दारातून बाबा उतरले. शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघ्यावर माती, एका बुटाची नाडी लोंबत होती. ते थांब्यामागून थांबे पळत गेले होते आणि शेवटी दोन पोलिसांना गाठून म्हणाले होते की एका बाईनं माझं बाळ नेलं. पोलिसांनी विचारलं, हिसकावून? बाबा म्हणाले, नाही, माझ्या बायकोनं दिलं. पोलिसांनी विचारलं, बायको त्यांना ओळखते? बाबा म्हणाले, नाही. पोलिसांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मग त्यांना ट्रामवाल्यांचा निरोप मिळाला आणि ते बाबांना घेऊन इथं आले.

आणि इथं बाळ नेणारी बाई दशमी खात बसली होती.

बाबांनी निनूला उचललं. त्याला हुंगल्यासारखं केलं, आणि मग त्यांचा बांध फुटला. "अक्कल आहे का तुला? अनोळखी बाईच्या हातात पोरगं देतेस? हे काय विटा आहे? इथं असं चालतं?"

आईनं पाण्याची बाटली पुढं केली.

दोन पोलिसांपैकी एक बाई होती. तिनं आमच्याकडं एकेक करून पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन इंग्रजीत विचारलं, "नीट सांग. तुमच्यापैकी हरवलं कोण होतं?"

मी बाबांकडं बोट दाखवलं.

"ही," मी मोठ्यानं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. मुलींना 'शी' आणि मुलांना 'ही', एवढं मला पक्कं येत होतं. अनोळखी माणसाशी माझं चौथं वाक्य. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं.

परत जाताना बाबा पुढं चालत होते, निनूला दोन्ही हातांनी धरून, बाबागाडी न उघडता. मी आईला म्हटलं, "तू सांग ना त्यांना. आपण तर केव्हाच परत आलो होतो. तेच हरवले."

"सांगायचं नाही," आई म्हणाली.

"का?"

"तुमच्यामागं पळाले कोण पण? मी तर बसून होते."

तेव्हापासून आमच्या घरी पाहुणे आले की बाबा ही गोष्ट सांगतात. 'जरा धरा हो' हे वाक्य ते आईच्या आवाजात म्हणतात आणि पाहुणे हसून हसून लोळतात. "जर्मनीत, बरं का," बाबा म्हणतात, "ओळख ना पाळख." पोलिसांचे प्रश्न ते फार रंगवून सांगतात. लाथेनं मिटलेली बाबागाडी त्यांत नसते. माझं बोटही नसतं. आई चहा आणून ठेवते आणि तीही हसते. निनूला तर गोष्ट तोंडपाठ आहे, कारण तो तिचा नायक आहे.

यंदाच्या मे महिन्यात मी मस्कतला मावशीकडं गेले. एकटी. मी आता पंधरा वर्षांची आहे, वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आहे, आणि हजेरीला मी 'प्रेझेंट' म्हणते तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई दचकतात. तरी निघायच्या आधी आठवडाभर बाबांनी नियम सांगितले. तेच तीन, आणि वर नवीन पाच. मुंबईच्या विमानतळावर दारापाशी, जिथून पुढं फक्त प्रवाशांना सोडतात, त्यांनी शेवटची उजळणी घेतली.

"पहिला?"

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. रांग पुढं सरकली. आमच्या पुढं एक बाई होत्या, साठीच्या असतील, हिरवं इरकल नेसलेल्या, दोरीनं करकचून बांधलेली बॅग घेतलेल्या. बाबा त्यांच्याकडं बघत होते. मग बॅगेकडं. मग माझ्याकडं. मग त्यांनी घसा खाकरला.

"काकू, मस्कतलाच का?"

"व्हय की. लेकीकडं."

"ही आमची मुलगी," बाबा म्हणाले. "एकटीच चाललीय. जरा बघा हो हिच्याकडं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी आईकडं पाहिलं. तिचे ओठ गच्च मिटलेले होते आणि त्यामागं सहा वर्षांचं हसू दाबलेलं होतं. मीही ओठ मिटले.

निनूला आता सातवं वर्ष चालू आहे. त्याला कोण आवरणार?

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही यांना ओळखता?"

बाबा खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. नाडी बांधलेलीच होती. ती त्यांनी आधी सोडली.

"बघते की," काकू म्हणाल्या. "न बघून काय करीन. माझीच लेक हाय असं समजा." आणि दारातून आत गेल्याबरोबर त्यांनी चहूकडं नजर फिरवली, लाइटं, पाट्या, आपोआप सरकणारा जिना, आणि दोरी बांधलेली बॅग माझ्या हातात दिली.

"धर गं जरा," त्या म्हणाल्या. "माझं पहिलंच इमान हाय. कुठं जायचं आता?"

मी बॅग धरली.